फोन आल्यावर या

६ जानेवारी २००२

कंपनी सुटली, पण कंपनीचं रजिस्टर काही सुटलं नाही. शेवटच्या दिवशी स्टोअरवाल्याने दोन कोरी रजिस्टरं हातात ठेवली आणि म्हणाला, नागोराव, घरी बसून काय तपासणार, हे घेऊन जा. सत्तावीस वर्षं मी इन्स्पेक्शनला होतो. भोसरीच्या त्या शेडमधून माझ्या सहीशिवाय एक गिअर बाहेर पडला नाही. आता स्वेच्छानिवृत्ती. स्वेच्छा कुणाची ते विचारू नये.

रजिस्टरला तारीख, संख्या आणि शेरा असे रकाने छापलेले आहेत. रोज लिहिणार नाही. लिहिण्यासारखं घडलं तर लिहीन.

आज घडलं. तिसऱ्या गल्लीतले भीमराव गेले. कर्वेनगरातली आमची ही कॉलनी सगळी कामगारांनी मिळून बांधलेली. कुणी नांदेडचं, कुणी वाशीमचं, मी हिंगोलीकडचा. इथे कुणाची भावकी नाही. त्यामुळे कुणी गेलं की पहिली हाक मला आणि दुसरी मागच्या गल्लीतल्या संभाजीला, हे ठरूनच गेलंय. संभाजी तेवढा इथला, शिवण्याचा, माझ्याच शिफ्टला होता. भावाच्या रानातून दोन बांबू त्याने आणायचे आणि तिरडी मी बांधायची. बाकी कुणी डॉक्टरकडे दाखल्याला पळतं, कुणी वैकुंठ स्मशानात नंबर लावायला, कुणाकडून चहाचं पातेलं येतं. कोण काय करेल हे कुणी सांगत नाही. अशा वेळी रिकाम्या हाताने उभं राहायची लाज वाटते, म्हणून जो तो काहीतरी उचलतो. भीमरावांकडे मडकं नसतं, मेणबत्त्या आणि वंदना असते. तेही आता सगळ्यांना पाठ आहे.

संख्या: एकाहत्तर. मोजायची खोड जात नाही.

परतताना भीमरावांचे जावई अभय शेजारी चालत होते. कॉम्प्युटरच्या कंपनीत आहेत. म्हणाले, काका, हे सगळं करून देणारं कुणी मिळत नाही का, लोकांना किती त्रास झाला. मी म्हटलं, त्रास कसला. पण घरी येईपर्यंत ते डोक्यात राहिलं.

१७ फेब्रुवारी २००२

योगेशला जावयांचं बोलणं सांगितलं आणि चूक केली. पोराला सॉफ्टवेअरला लागून दोन वर्षं झाली नाहीत, पण बोलतो मॅनेजरसारखं. म्हणाला, "बाबा, ह्याला मार्केट आहे. अर्ध्या कोथरूडची मुलं स्टेट्सला आहेत. तुम्हाला सगळं येतं आणि तुम्ही फुकट करता. हा प्युअर वेस्ट आहे."

इंदू भाजी निवडत होती. ती म्हणाली, ज्याला आपण आपणहून जातो त्याला दर लावू नये. मी म्हटलं, गरिबाकडून थोडंच घेणार आहे. तिने मग पंच्याहत्तर सालचं काढलं. तिला काही पटलं नाही की ती पंच्याहत्तर सालावर येते.

तेव्हा आम्ही हिंगण्यात एका खोलीत राहायचो. पुण्यात येऊन वर्ष झालं होतं. आमची पहिली मुलगी आठ महिन्यांची होऊन तापाने गेली. मला काही सुचेना. गाव लांब, ओळख कुणाची नाही, घरमालक दार लावून बसलेला. आणि दहाच्या सुमाराला संभाजी दारात. तेव्हा तो फक्त शिफ्टला दिसणारा एक माणूस होता. मी कामावर आलो नाही म्हणून विचारत विचारत आला होता. आत आला, चपला काढल्या, इंदूच्या मांडीवरून मुलीला अलगद घेतलं आणि नदीकाठापर्यंत स्वतःच्या हातांवरून नेलं. तेव्हापासून मी प्रत्येक मरणाला जातो.

"भावजींना तेव्हा कुणी बोलावलं होतं?" इंदू म्हणाली. त्याचा आणि याचा काय संबंध ते मला कळलं नाही.

११ एप्रिल २००२

सुरू केलं. योगेशने कार्डं छापून आणली. नाव त्यानेच ठेवलं, 'अखेरची सोबत'. पैशाचं इथे लिहिणार नाही, त्याची वही वेगळी.

पहिलं काम मयूर कॉलनीत. म्हाताऱ्या बाई, मुलगा कॅलिफोर्नियात, मुलगी सुनीती इथे एका बँकेत. दाखला, दहनाचा पास, गाडी, भटजी, सगळं मी पाहिलं. मदतीला भैरू आणि पोपट. दोघेही पन्नाशीचे, वारज्याच्या मजूर अड्ड्यावर उभे राहणारे, पण स्वभावाने शांत. सुनीतीताई रडत विचारत होत्या, खांद्याला कोण, आमच्याकडे तर कुणी पुरुष नाही. मी म्हटलं, "काळजी करू नका. आपली माणसं आहेत."

शब्द सहज आला आणि फार चांगला आला. आता मी हेच म्हणायचं ठरवलंय. मजूर म्हटलं की लोकांना कसंसंच होतं.

संख्या: अठ्ठेचाळीस. शेरा: काम चोख.

२२ ऑगस्ट २००२

आमच्याच कॉलनीत पहिल्या गल्लीतले सुतार गेले. मुलाने मला रीतसर काम दिलं. मी नको म्हणत होतो, तो म्हणाला, काका, फुकट घेतलं तर उपकार होतात, पैसे दिले की मोकळं.

संभाजी बांबू घेऊन आला तोवर तयार तिरडी गाडीतून उतरली होती. मी आता सहा-सहा करून ठेवतो. तो बांबू धरून थोडा वेळ उभा राहिला. "मंग ह्ये कुठं ठेवू?" मी म्हटलं, ठेव कुठेही. त्याने ते कुंपणाला टेकवले आणि गर्दीत मागे जाऊन उभा राहिला.

दाखला आणायला दोघे निघाले होते, त्यांना थांबवलं, आमचा माणूस कधीच गेला होता. चहासुद्धा मी सांगून ठेवला होता. लोक छान निवांत उभे होते. जरा जास्तच निवांत. काही जण तिथूनच कामाला निघून गेले, वैकुंठापर्यंत आले नाहीत.

संख्या: एकोणचाळीस. आठवड्याचा मधला, कामाचा दिवस होता, त्यामुळे असेल.

१ डिसेंबर २००२

निरोपाची व्यवस्था सुधारली. पूर्वी कुणीतरी सायकलवर निघायचं आणि कानोकानी कळायचं. दोन घरं सुटायची, एका घरी तीनदा निरोप जायचा. आता कॉलनीची आणि प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नातेवाइकांची यादी योगेश कॉम्प्युटरवर करून देतो. मी फोनवर वेळ सांगतो, किती वाजता निघणार, वैकुंठात किती वाजता. माणसाला दिवसभर ताटकळावं लागत नाही. लोक खूश आहेत. एक साहेब म्हणाले, तुमच्यामुळे मीटिंग करून बरोबर वेळेला पोचलो.

४ मार्च २००३

मागच्या तीन कामांच्या संख्या: एकतीस, सव्वीस, बावीस.

मी बसून विचार केला. लोकांना वेळ नाही. बावधन, हिंजवडी, खराडी, कुठून कुठून येणार. शेजार राहिला नाही. जुने लोक थकले. ही घसरण पाहिली की वाटतं, बरं झालं मी हे सुरू केलं. नाही तर या माणसांना नेलं असतं कुणी? इन्स्पेक्शनमध्ये आम्ही म्हणायचो, माल बिघडायला लागला की तपासणी वाढवा. मी भैरूच्या ओळखीने आणखी दोघे घेतलेत.

एक गोष्ट खटकली. चौथ्या गल्लीतली मथुराबाई नळावर इंदूला म्हणाली, की तिचे यजमान मागच्या महिन्यात सुतारांच्या बायकोच्या मयताला गेले नाहीत, कारण फोन आला नाही. घर दोन पावलांवर! मी यादी तपासली. त्यांचा नंबर खरंच चुकला होता. लगेच दुरुस्त केला. आता अशी तक्रार येणार नाही.

इंदू म्हणाली, "पूर्वी कुणाचा नंबर चुकत नव्हता." मी म्हटलं, पूर्वी फोनच नव्हते. ती हसली नाही.

१६ नोव्हेंबर २००३

आठ महिन्यांत हात लावला नाही या रजिस्टरला. कामं खूप. पण आज लिहायलाच हवं.

इंदूला जिना चढताना दम लागत होता, ती सांगत नव्हती. काल दवाखान्यात नेलं. हृदयाची एक झडप लहानपणच्या तापाने खराब झालीय, आता हृदय मोठं झालंय. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन झेपायचं नाही, गोळ्यांवर जेवढं जाईल तेवढं. मी विचारलं, जेवढं म्हणजे किती. त्यांनी हात नुसते उघडून दाखवले.

घरी आल्यावर ती पलंगावर टेकून बसली आणि शांतपणे म्हणाली, "अहो, एक मागते. मला लगेच गाडीत घालू नका. कोपऱ्यापर्यंत तरी आपल्या माणसांच्या खांद्यावरून जाऊ द्या."

मी म्हटलं, असलं काही बोलू नकोस. आणि मग तिला बरं वाटावं म्हणून म्हणालो, आपली माणसं काय, हाकेवर आहेत.

तिने माझ्याकडे बघितलं. "भैरू-पोपट नाही म्हणत मी."

मला फार भीती वाटते आहे. दुसऱ्यांच्या घरात मी इतका शांत कसा असतो कुणास ठाऊक.

२७ मार्च २००४

डोकं तापलंय. आधी लिहून टाकतो.

दुसऱ्या गल्लीतले शाळामास्तर गेले. मुलगी प्रियदर्शनी सिंगापूरहून रात्रीच पोचली होती. तिचं म्हणणं, गर्दी नको, वडिलांना आवडायची नाही, मोजकी बारा माणसं, तिनेच नावं दिलेली. गिऱ्हाइकाची इच्छा. मी त्या बाराच जणांना फोन केले. गल्लीत कुणाला केला नाही.

सगळं नीट चाललं होतं, तेवढ्यात संभाजी खांद्यावर दोन बांबू घेऊन फाटकात. मास्तरांनी त्याच्या दोन्ही पोरींना फुकट शिकवलं होतं. मागोमाग चार-पाच जण. प्रियदर्शनी माझ्याकडे बघायला लागली. आता मी काय करायचं होतं? पुढे गेलो आणि म्हणालो, "संभाजी, आज यादी ठरलेली आहे. असं आपलं आपण येत जाऊ नकोस. फोन आल्यावर या, सगळ्यांना तेच सांग."

जरा मोठ्याने म्हणालो असेन. मागचे लोक आधी वळले. मग तोही वळला, आणि जाताना म्हणाला, "बरं. तुमचा फोन आला की येतो."

तीस वर्षांत त्याने मला पहिल्यांदा तुम्ही म्हटलं.

संख्या: बारा. शेरा: अगदी ठरल्याप्रमाणे.

८ एप्रिल २००४

संभाजी राममंदिराच्या पारावर दिसला. मी हात केला, त्यानेही केला. म्हणजे राग नाही. इंदू म्हणते, जाऊन दोन शब्द बोला. मी म्हटलं, माझी चूक असती तर गेलो असतो. कामात मैत्री आणली की काम बिघडतं.

१९ जुलै २००४

संख्या: नऊ.

२ ऑगस्ट २००४

संख्या: सहा. अभय, भीमरावांचे जावई, यांच्या मजल्यावरचे शेजारी गेले होते. अभय दाराशी भेटले, ऑफिसला निघाले होते. म्हणाले, "काका, तुम्ही आहात म्हणून टेन्शन नाही. नाहीतर आज सुट्टी टाकावी लागली असती." बरं वाटलं ऐकून. आपल्या कामाची कुणी कदर केली की बरं वाटतं.

१२ सप्टेंबर २००४

आज गिऱ्हाइकाकडचं कुणीच नाही. निवृत्त प्राध्यापक, एकटे राहायचे. मुलगा टेक्सासहून फोनवर होता. मी मोबाइल त्यांच्या कानाशी धरला, त्याने काहीतरी म्हटलं, मला इंग्रजी सगळं कळलं नाही. नंतर त्याने विचारलं, किती लोक आले आहेत. मी सांगितलं, आहेत, आपली माणसं आहेत. तो रडायला लागला आणि थँक्यू थँक्यू म्हणाला.

मी, भैरू, पोपट आणि गाडीचा ड्रायव्हर. संख्येच्या रकान्यात काय लिहायचं कळेना. रेघ मारली.

घरी येऊन इंदूला सांगितलं. तिला आता आडवं झोपता येत नाही, तीन उशा लागतात. तिने डोळे मिटले आणि विचारलं, "खोटं कशाला सांगितलंत त्याला?" मी म्हटलं, खोटं काय त्यात. ती म्हणाली, त्यांचा शेजार कुठे होता? मी म्हटलं, अगं, हल्ली शेजार असा राहिलाच नाही. ती म्हणाली, "तुम्ही त्यांच्या हाताला काही ठेवलंच नाही. हात रिकामे असले की माणूस घरी जातो."

आजाराने माणूस काहीही बोलतो. मी पाणी दिलं आणि विषय बदलला.

१० नोव्हेंबर २००४

दिवाळी तोंडावर आली आहे. इंदूने मथुराबाईकरवी संभाजीकडे अनारसे पाठवले. तिकडून डब्यात करंज्या आल्या. इंदूने मला डबा दाखवला, म्हणाली, आता तरी जा. मी म्हटलं, जाईन पाडव्याला.

१५ नोव्हेंबर २००४

पाडव्याला एक काम आलं.

१९ जानेवारी २००५

इंदू गेली. सकाळी सव्वासहाला. चहा मागितला होता, मी टाकायला गेलो, परत आलो तर नव्हती.

२२ जानेवारी २००५

लिहून काढलं पाहिजे, नाहीतर डोक्यात गिरणी चालूच राहते.

योगेशने डॉक्टरांना आणलं, दाखला झाला. गाडी मी सांगितली, साडेदहाची. दारासमोर गाडी आता येत नाही, गल्लीत दोन्ही बाजूंना मोटारी उभ्या असतात. कोपऱ्यापर्यंत शंभर-सव्वाशे पावलं खांद्यावरूनच न्यावं लागतं. इंदूला तेच हवं होतं. मी मनात म्हटलं, तुझ्या मनासारखं होईल.

मथुराबाई कुणी न सांगता मागच्या दाराने आली आणि तिने बंबात पाणी तापायला ठेवलं. मग एकेक करून बायका आल्या, संभाजीची बायको हिरासुद्धा. इंदूला अंघोळ घातली, हिरवी साडी नेसवली, मळवट भरला. मी मोजल्या, नऊ होत्या. या कामाला माझ्याकडे कधी बाई नव्हती, बायकांचं त्या आपापसात बघतात. त्यांच्यातल्या कुणालाही फोन गेला नव्हता.

पुरुष दिसेनात. समोरच्या गच्चीवर एक जण उभा होता, त्याने तिथून हात जोडले. दोन फाटकांत माणसं दिसली, एकमेकांशी काहीतरी बोलली आणि आत गेली. नऊ वाजले. साडेनऊ झाले.

योगेशने विचारलं, "बाबा, फोन केलेत ना?"

"कुणाला?"

"लिस्टला. कॉलनीच्या."

मी म्हटलं, आपल्या घरच्या मयताला आपल्या गल्लीला फोन? तुझ्या आईला वीस-पंचवीस वर्षं ओळखतात ते. तो म्हणाला, मी करतो पटकन, दहा मिनिटांचं काम आहे. मी त्याला हात धरून बसवलं. मी म्हटलं, नको. येतील. कधीच कुणी आमंत्रणाची वाट पाहिली नाही इथे.

हे मी म्हणालो. माझ्याच तोंडाने.

दहाला योगेशच्या ऑफिसातले दोघे आले, गळ्यात ओळखपत्रं तशीच. मग भैरू आणि पोपट. त्यांना ड्रायव्हरकडून कळलं होतं. आणि कुणी नाही. साडेदहाला ड्रायव्हर म्हणाला, दादा, पुढे दुसरी वर्दी आहे.

मुलगा पुढे मडकं धरतो, तो खांद्याला चालत नाही. ऑफिसातली पोरं पुढे झाली, पण एक फार उंच, त्याच्या बाजूने तिरडी कलायला लागली. त्याला बाजूला केलं आणि ड्रायव्हरला बोलावलं. पुढे मी आणि भैरू, मागे पोपट आणि ड्रायव्हर. तिरडी माझ्याच साठ्यातली. सव्वाशे पावलं. मी खाली बघून चाललो. मला कोणत्याही फाटकाकडे बघायचं नव्हतं.

तिने एकच मागितलं होतं. एवढंच मागितलं होतं, आणि मी सगळ्या पुण्याला ते पुरवत फिरत होतो.

वैकुंठातून बाहेर पडल्यावर मी सवयीने खिशातून पाकिटं काढली. पोपट मागे सरला. म्हणाला, दादा, आज नको. वहिनींनी खूपदा जेवू घातलंय. भैरूनेही मान हलवली. मी त्यांच्या खिशात बळेच कोंबली. मला कुणाचे उपकार नको होते. पोपटने पाकीट पुन्हा काढलं नाही, पण माझ्याकडे बघितलंही नाही.

आज कळतंय. ते पैसे मी दिले नसते, तर इंदूला आपली म्हणावी अशी दोन माणसं तरी मिळाली असती. तीही मी मजूर करून परत पाठवली.

२९ जानेवारी २००५

काल दहावा झाला. मी भयंकर चिडलेला होतो. सगळ्या कॉलनीवर, आणि सगळ्यात जास्त संभाजीवर. बाकीच्यांचं सोडा, पण हा? करंज्या पाठवणारा? आज सकाळी ठरवून गेलो, चार गोष्टी सुनवायच्या म्हणून.

तो ओसरीवर बसला होता. शेजारी स्टुलावर फोन. वायर आतून ओढून बाहेर आणलेली. मला बघून उठला, हिराला पाणी आणायला सांगितलं. सुनवायचं होतं ते राहिलं बाजूला, कारण माझी नजर भिंतीकडे गेली. दोन बांबू टेकवून ठेवलेले. ताजे तोडलेले असावेत, दहा दिवसांत नुकते पिवळे पडायला लागले होते. सोबत कामट्या आणि सुतळीचा बिंडा.

मी विचारलं, हे कधी आणलेस?

"त्याच दिशी. हिराला मथुराबाईनं सांगितलं तवा सात वाजलं व्हतं. तसाच शिवण्याला गेलो, तोडून आनलं. आंघोळ केली, धुतलेलं कापडं घातलं." त्याने स्टुलाकडे हात केला. "आन् हितं बसलो. फोनपाशी."

हिरा पाण्याचा तांब्या घेऊन दारात थांबली होती.

"हिराला म्हनलं, तू जा, बायकांचं न्यारं असतं. म्या आलो असतो आन् तुम्ही चारचौघांत परत काय म्हनला असता तर? वैनींच्या म्होरं? म्हनून बसलो. साडेधा वाजलं. गाडीचा हारन ऐकला कोपऱ्यावर. तरी बसलो. म्हनलं, आता तरी येईल."

मी म्हटलं, संभा, मी कुणालाच केला नाही रे फोन.

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या ते ध्यानातच आलं नव्हतं असं दिसलं. त्याला वाटलं होतं की मोजक्या ठरलेल्यांना केला आणि त्याला वगळला. दहा दिवस तो तेच धरून बसला होता. मग तो हळू म्हणाला, "चौथ्या गल्लीतले, मथुराबाईचे मालक, त्येबी कापडं घालून बसलं व्हतं. आमी एकमेकाला इचारून आलो, तुमाला आला का. त्येंनाबी न्हाय म्हनल्यावर वाटलं, घरचीच मानसं ठरलेली असतील. तुमच्याकडं तसंच असतंय आता."

मी तिथे बसून रडलो. पंच्याहत्तर सालीही मी त्याच्यासमोरच रडलो होतो. त्या वेळी त्याने पाठीवर हात ठेवला होता. आज तो शेजारी बसून राहिला, हात गुडघ्यांवर ठेवून.

निघताना मी म्हटलं, बांबू राहू दे का नेऊ? तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. तुमच्याकडं तयार असत्यात."

३ फेब्रुवारी २००५

योगेश म्हणतो, सगळ्यांना एकदम संदेश जाईल अशी सोय आता मोबाइलवर करता येते, कुणी सुटणार नाही, आईच्या वेळी झालं तसं होणार नाही. पोरगं बिचारं दुःखाने बोलतंय. मी म्हटलं, बघू.

सकाळपासून दोन फोन वाजले. उचलले नाहीत.

रजिस्टर उघडलं. इंदूच्या तारखेपुढे संख्येचा रकाना कोराच राहिला होता. बायकांना मी कधीच संख्येत धरलं नाही, तेव्हा आधी लिहिलं: सात. मी, योगेश, त्याचे दोघे, भैरू, पोपट, ड्रायव्हर. मग ते खोडलं आणि बायका धरून सोळा केले. इतकी वर्षं धरायला हव्या होत्या. मग संभाजीला धरलं, सतरा. मथुराबाईच्या मालकांना धरलं, अठरा.

आणि त्या दिवशी कॉलनीत आणखी किती जण अंघोळ करून, धुतलेले कपडे घालून आपापल्या फोनपाशी बसले होते, ते मोजायची माझ्याकडे काही सोय नाही.